मुका मार

घणसोलीत राहतो आम्ही. गावाच्या नावातच घण आहे,
हेरंब म्हणाला आणि हसला.
माझ्या मागणीवर मात्र तीन महिने काही बोलला नाही.

मी चव्वेचाळीस, तो सत्तेचाळीस,
दोघांचीही आधीची लग्नं रीतसर मोडलेली.
म्हटलं, मला मार हवाय. तुझ्या हातचा. मी सांगेन तेवढाच.
त्यानं कप खाली ठेवला, बशीत नाही, ओट्यावर.
"हात उगारणं आमच्या घरात फार झालंय."
उगारू नकोस, म्हटलं. विचारून ठेव.

मी फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांची दुखणी दाबते.
त्यानं हो म्हटलं त्या रविवारी त्यालाच पालथं झोपवलं
आणि निळ्या स्केचपेननं पाठीवर नकाशा काढला.
इथे मूत्रपिंडं, इथे नाही. कण्यावर कधीच नाही.
माकडहाड नाही, मान नाही, गुडघ्यामागची खळगी नाही.
मांस जाड तिथे दोन मोठे गोल.
त्याला गुदगुल्या झाल्या. सोमवारी तसाच ऑफिसला गेला,
शर्टाखाली सगळे बंदी असलेले प्रदेश घेऊन.

'नको' होताच, तो कायमचाच.
पण धाप लागल्यावरही तोंडातून निघेल
असा आणखी एक शब्द हवा होता.
तो म्हणाला, कोपरखैरणे.
मी म्हटलं, तेवढ्या वेळात चार बसतील.
मग तुर्भे ठरलं. प्रेमात कुणी तुर्भे म्हणत नाही.
आणि आवाजच गेला तर? म्हणून मुठीत किल्ल्या,
पडल्या की संपलं.

ठाण्याला जांभळी नाक्यावर पट्टा घेताना
दुकानदारानं विचारलं, कंबर किती?
हेरंबनं प्रामाणिकपणे स्वतःची सांगितली.
घरी येऊन बक्कल कापलं
आणि पहिला फटका स्वतःच्याच मांडीवर,
स्वयंपाकघरात, दिवा लावून.
"अगं आई गं," म्हणाला, आणि बराच वेळ पट्ट्याकडे बघत बसला.

पट्टा पुढे कित्येक आठवडे कपाटातच राहिला.
आधी तळहात, भाकरी थापतात तसा,
हलका, मग जरा भरीव, मधे थांबून.
किती? तो विचारी.
चार, मी सांगे. पाच. आता पाचावरच राहा.
दारू प्यायलेल्या दिवशी नाही. भांडणाच्या दिवशी तर नाहीच.
खालच्या पाटणकर बाई लिफ्टमध्ये म्हणाल्या,
गाद्या फार झटकता हो तुम्ही.

मग ती डिसेंबरची रात्र. पट्टा तिसऱ्यांदाच बाहेर आला होता.
किल्ल्या माझ्या मुठीत गरम झालेल्या, मी सहावर,
मजेत,
आणि मागून आवाज आला: तुर्भे.
त्याचा.

शब्द दोघांचा आहे हे मला तोवर सुचलंच नव्हतं.
तो भिंतीकडे तोंड करून उभा, पट्टा जमिनीवर.
माझ्यासाठी काढून ठेवलेली गोधडी मी त्याच्या अंगावर घातली,
माझ्यासाठीची राजगिऱ्याची चिक्की त्याला भरवली,
पाणी दिलं.
खूप वेळानं म्हणाला, पट्ट्याचा आवाज ओळखीचा आला.
कुणाच्या हातचा, मी विचारलं नाही.

दाखल्यांवर डॉक्टर लिहितात, मुका मार.
आत लागतो, वर दिसत नाही.
माझ्या टेबलावर येतात तशा बायका,
जिन्यावरून पडले म्हणतात,
आणि जिना कुठला हे खांदा सांगतो.
आमचा मार बोलतो. किती विचारतो, उत्तरासाठी थांबतो.
पण त्याच्यात एक जुना मुका होता,
तो असा अचानक बोलला.

पहाटे त्यानं माझा एक मुका घेतला,
कपाळावर, चोरट्यासारखा.
किती? मी विचारलं.
झोपेत असल्याचं सोंग केलं त्यानं.

पट्टा वरच्या फळीवर गेला. तळहात परत कधी, माहीत नाही.
दुपारी मी पेशंटच्या गुडघ्यावर बर्फ धरून असताना
त्याचा नेहमीचा दुसऱ्या दिवशीचा फोन आला:
बसता येतंय ना नीट?
येतंय, म्हटलं.
तुला?