उसना कोट

ब्राउनश्वाइग, १८४७

कोट मेहुण्याचा होता, चामड्याच्या व्यापाऱ्याचा.
काखेत दाटत होता, म्हणून प्राध्यापक उलनब्रोक
सबंध सकाळ श्वास आखडून बसले.
मी दगडावर खडू चालवत होते, उलटा:
त्यांचा डावीकडचा भांग उजवीकडे,
कागदावर तो आपसूक जागेवर येतो.

प्रकाशक टीडगे माझ्या खांद्यामागे उभे.
"पदक नको. पदक दरबारी लोकांना.
आपलं गिऱ्हाईक म्हणजे औषधवाला, शाळामास्तर,
धान्याचा दलाल. त्यांना असा माणूस हवा
जो पाचला उठतो
आणि कुणाचं काही देणं लागत नाही."
प्राध्यापकांनी पदक खिशात टाकलं.
खिसा उसवलेला निघाला. पदक अस्तरात उतरलं,
अजून मेहुण्याकडेच असेल.

मग हात.
आम्लाने खाल्लेली नखं, अंगठ्यावर पिवळा डाग,
करंगळीचं वरचं पेर एका स्फोटात गेलेलं.
"हे जेवणघरात कोण टांगेल?" टीडगे म्हणाले.
मी नखं धुतली, खडूनेच.
हाताखाली पुस्तक दिलं, मिटलेलं.
करंगळी पुरी केली.
ते वाकून बराच वेळ बघत राहिले.
"ही मिळाली असती तर बरं होतं," एवढंच बोलले.

आठ ग्रोशन, चौकट वेगळी.
रोन औषधवाल्यांकडे मी स्वतः पोचवलं.
पियानोच्या वर, सासऱ्यांच्या रांगेत,
खिळा दोरी धरून ठोकलेला.
या गृहस्थांनी नेमकं काय शोधलं
ते त्या घरात कुणालाच धड सांगता येत नव्हतं.
पण रोनबाई सूप वाढता वाढता धाकट्याला म्हणाल्या,
"बघ, त्यांची कोपरं कशी आहेत."
पोराने आपली कोपरं टेबलावरून निमूट काढली.

दोनशे प्रतींनंतर दगड घासायला घेतला.
बव्हेरियाचा दगड, एका चेहऱ्यासाठी कोण अडवून ठेवतो?
वाळू, पाणी, वरून दुसरा दगड गरगर.
आधी पुस्तक गेलं, मग भांग, मग ते कपाळ.
कोट बराच वेळ चिवटपणे राहिला.

आता त्यावर मोहरीच्या बरणीचं लेबल आहे.
पहिल्या पाच प्रतींत, वजनाच्या आकड्याशेजारी,
फिकटसं काही उमटलं:
बोटाचं एक पेर,
जे कधी नव्हतंच.
टीडगेंनी त्या रद्दीत टाकल्या.
चारच.