दीड गंडा बाहेर

"पोटाशी बोलत जा रोज," सिस्टर मेश्राम म्हणाल्या,
"ऐकून राहिलं ते."
आम्ही नऊ जणी भिंतीला पाठ लावून बसलेलो,
तांडापेठेतल्या दवाखान्याची वरची खोली,
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास,
बाहेर मे महिना, रस्त्यावर कुत्रंही नाही.

"चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर.
खांदे सोडा. जबडा सोडा.
ओठ आवळून कोणाचं काही उघडलं नाही, बाप्पा."
आम्ही हसलो. नऊ पोटं हलली.
त्या म्हणाल्या, "हेही लिहून घ्या. हसणं."

घरी येऊन रेवनाथला सांगितलं.
वीस वर्षं पॉवरलूमवर काढलेला माणूस,
एका कानानं अधू, बोलण्यात त्याहून.
"काय बोलू? ओळख ना पाळख."
तरी रात्री बसला पोटासमोर,
बँकेच्या साहेबासमोर बसावं तसा:
"साठ नंबरचं सूत महागलं आज.
तीन नंबरच्या मागाचा पट्टा तुटला.
बाकी ठीक."

आतून, डावीकडे, टाच बसली.
त्यानं हात मागे घेतला, चटका लागल्यासारखा.
मग परत ठेवला.
तेव्हापासून बाळाला रोज सुताचा भाव कळत गेला.

भिंतीपलीकडे चार माग. खटक-खट, खटक-खट.
लग्नाच्या वर्षीच मला तो ऐकू येणं बंद झालं होतं.
नवव्या महिन्यात माग विकले, भंगाराच्या भावानं.
ट्रक गेला त्या रात्री
घरात कोणालाच झोप लागेना,
आणि पोटात तर कोणी सारखं कूस बदलत होतं,
काहीतरी हरवलेलं शोधावं तसं.

कळा सुरू झाल्या पहाटे.
माझी मोजणी विसरली. चार कुठे, सहा कुठे,
सगळा आकडा कमरेत जाऊन बसला.
तेव्हा सासूनं माझी पाठ हातात घेतली.
पाच बाळंतपणं झाली तिची, एकदाही कोणी विचारलं नाही
तुला कसं वाटतं म्हणून.
वर्गात ती कधी आली नव्हती,
पण उभे धागे आयुष्यभर चाराचारांनी मोजलेले तिनं.
कानाशी येऊन म्हणाली,
"एक गंडा आत, माय.
दीड गंडा बाहेर."

पोरगी छातीवर ठेवली, चिकट, गरम, जांभळी.
नाळ ठोके देत होती अजून,
ते थांबेपर्यंत कोणी कात्री उचलली नाही.
तिनं डोळे उघडले, आणि एवढ्याच अंतरावर,
एका वितीवर, माझं तोंड होतं.
मला आधी कोणी इतकं बघितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती रडत होती.
दूध नको, कूस नको, काही नको.
रेवनाथ दारात उभा, हातात संत्र्यांची पिशवी.
काय बोलावं ते सुचेना त्याला. म्हणाला,
"सूत उतरलं म्हणे थोडं."
रडणं थांबलं.
मान अजून धरता येत नव्हती तिला,
तरी मान वळली.

घरी आणल्यावर शांततेला ती घाबरायची.
मी अंगाई म्हणून बघितली, माझा आवाज फाटका.
मग एका रात्री तो पाळण्याच्या लाकडावर
बोटांनी वाजवू लागला. खटक-खट. खटक-खट.
झोपली.
तोही झोपला, बसल्या बसल्या,
बोटं तेवढी चालू.

आता ती तीन महिन्यांची. "आ" म्हणते.
मी "आ" म्हणते, आणि थांबते.
सिस्टर म्हणाल्या होत्या, थांबायचं,
तिला तिचा धागा टाकू द्यायचा,
मग आपला.
थांबायला फार वेळ लागतो. तव्यावरची पोळी करपते.
करपू दे.

रात्री अकराला तो बुटीबोरीहून येतो,
कंपनीच्या गेटवरची नोकरी,
खाकी शर्ट घामानं पांढरा झालेला.
हात धुतो, कोपरापर्यंत, आणि पाळण्यापाशी बसतो.
"आज बस उशिरा आली.
साहेबाची गाडी धुवायला लावली."
ती हातपाय आखडून वाट बघते.
पुढचं काय येणार ते तिला माहीत आहे.
"बाकी ठीक," तो म्हणतो,
आणि दात नसलेलं तोंड
कानापर्यंत उघडतं.