रकाना क्रमांक सात

हुक्केरीसाहेबांनी टेबलावर नकाशा उलगडला.
तो परत गुंडाळी व्हायला बघत होता,
म्हणून चार कोपऱ्यांवर ठेवलं पंचिंग मशीन,
चहाचा ग्लास, माझा डबा, त्यांची चष्म्याची पेटी.
मग खानापूरच्या पश्चिमेला झोपलेल्या
हिरव्या सुरवंटावर बोट ठेवून म्हणाले,
“तुम्ही तिकडचेच न्हवं? ह्या गुड्डाचं हेसरु काय?”

रकाना क्रमांक सात. रांगेचे नाव.
कन्नडमध्ये, सुवाच्य, खाडाखोड न करता.

मी तिकडचाच. तिथल्या सड्यावर ढोरं राखली,
करवंदांनी शर्ट नासवले, गव्याला वाट देऊन
ऐनाच्या बुंध्याआड उभा राहिलो श्वास धरून.
तरी नाव आलं नाही तोंडात.
रांग दिसायला लांब उभं राहावं लागतं.
आमची पाठ कायम कुठल्यातरी उताराला लागलेली.

शनिवारी बमू झोऱ्याला विचारलं.
म्हणाला, अख्ख्याला कशाला नाव?
अख्ख्यात कोण जातंय?
आणि काठीनं हवेत तुकडे पाडत गेला:
दमाचा दगड. म्हस घसरली ती. अस्वलाचं न्हाणं.
दोन हिरड्यांची, जिला आता एका हिरड्याची म्हणायचं,
दुसऱ्यावर वीज पडली त्या सालापासून.
शेकोटीचं टेंब, चुकामूक, परतीची खिंड,
आणि एक जागा, जिचं नाव त्यानं घेतलं नाही,
नुसतं तिकडं तोंड करून तंबाखू थुंकला.

कित्तूरकडनं बाजाराला येणारी शिवलिंगव्वा म्हणाली,
“कप्पु गुड्ड.” आमच्या जोंधळ्यातनं ते काळंच दिसतं,
त्याच्या मागं पाऊस बांधून ठेवलेला असतो,
कधी सोडतील कोण जाणे.
घाटाखालचा इनास म्हणाला, “वयलें रान.”
त्याला मान वर करावी लागते.

आवडाक्का माझ्या आईची आत्या.
शिकेकाईचा भारा घेऊन उतरताना
एका झऱ्यापाशी बसली आणि म्हणाली,
आता मी इथनं उठत नाही,
पाटलाला सांगा, नवऱ्याला सांगा.
तीन दिवस उठली नाही. चौथ्या दिवशी
नवरा भारा स्वतःच्या डोक्यावर घेऊन पुढं,
ही मागनं, मोकळ्या हातांनी.
तेव्हापासून आवडाक्काचं पाणी.
जुन्या साहेबी नकाशात ते झालं अवडकनी,
कन्नडमध्ये आडकणी,
आणि गेल्या साली रस्त्याला बोर्ड लागला:
आडकणी जंगल रिसॉर्ट, एसी, नॉन एसी.
तिथला पोरगा पर्यटकांना सांगतो,
इथं एक राणी होती आडकणी नावाची,
हत्तीवर बसून पाण्याला यायची.
मला राग यायला पाहिजे होता.
पण आवडाक्काला हत्ती शोभला असता.

सोमवारी नकाशा पुन्हा त्याच चार वस्तूंखाली.
मी सांगत गेलो, साहेब पेन्सिलीनं
समासात लिहीत गेले. समास संपला.
मी विचारलं, तुमच्या गावच्या डोंगराला काय म्हणतात?
साहेबांचं ऊर विजापूरकडं, सगळं सपाट.
“एकच हाय. बसलेल्या म्हशीएवढं.
त्याला आम्ही गुड्ड म्हणतो.”
नुसतं गुड्ड?
“दुसरं असतं तर नाव ठेवलं असतं की.”

त्यांनी ग्लास उचलला. खाली चहाचं कडं उमटलेलं,
आत दमाचा दगड, उरलेला हिरडा,
आवडाक्काचं पाणी अर्धं आत, अर्धं बाहेर.
रुमाल काढला, मग पसरेल म्हणून ठेवून दिला.
रकाना सातमध्ये एक आडवी रेघ मारली,
माहिती नाही, अशी.
सही करायला कागद माझ्याकडं सरकवला तेव्हा बघितलं,
रेघ सरळ नव्हती.
दोन ठिकाणी त्यांचा हात वर गेला होता.