अर्जुनेचा तक्ता

पाच रकाने आखून दिलेत मला:
स्थळाचं नाव, एसटी स्टँडपासून अंतर,
प्रवेश शुल्क, वाहनतळ,
आणि पाहायला लागणारा वेळ.
राजापुरापासून मुखापर्यंत
अर्जुनेकाठची बारा ठिकाणं,
शुक्रवारच्या आत.

रिक्षा दिलावर सोलकरची.
मागच्या सीटखाली पागायचं जाळं,
पुढे पायाशी पाण्याचा पाच लिटरचा कॅन.
"एवढी तहान लागते?"
"माझ्यासाठी नाय तो," म्हणाला,
आणि गिअर टाकला.

एक. इंग्रजांची वखार.
भिंत आहे. भिंतीतून पिंपळ आहे.
पिंपळाला बांधलेल्या दोरीवर कुणाची तरी चादर.
वाहनतळ: कपडे वाळत नसतील तर.

दोनच्या आधीच त्यानं ब्रेक मारला, बाजारात.
एका दुकानाच्या खांबावर तेलरंगाच्या रेघा,
रेघेपुढे साल.
सगळ्यात वरची माझ्या डोक्याच्या हातभर वर.
"ह्ये लिवा. ह्ये पण तिचंच काम."
मी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला.
पूर हे स्थळ नाही.
मालक आतून म्हणाला, "रंग संपत आलाय,
यंदा नवीन डबा आणायला हवा."

उन्हाळे.
गरम पाण्याच्या धारेखाली
दुखरे गुडघे घेऊन बसलेली माणसं,
नंबर लावून.
वेळ: गुडघ्यावर अवलंबून.

गंगा.
कोरडी कुंडं मोजली, दोनदा, चौदाच भरली.
ती येते तेव्हा येते, जाते तेव्हा जाते,
पुजाऱ्यांनाही कळवत नाही.
हा रकाना मी पेन्सिलीनं भरला.

मग सडा.
मार्गशीर्षातलं अकराचं ऊन,
पिवळं वाळलेलं गवत,
आणि करवंदीच्या जाळीमागून खराटा घेऊन आलेला
दत्ताराम घवाळी.
त्यानं कातळ झाडला.
खाली काहीच नव्हतं.
"थांबा," दिलावर म्हणाला, आणि कॅन उघडला.

पाणी चरांत शिरलं.
आधी एक शेपूट काळी झाली,
मग पाठ, मग शेजारी दोन पावलं, मांड्या,
लांब सोडलेले हात.
डोकं आलं. चेहरा आला नाही.

"ह्याच्या पोटावर आम्ही भात झोडायचो," दत्ताराम म्हणाला.
"म्हातारे म्हणायचे, पांडवांनी काढलं.
मग साहेब आले, म्हणाले, त्याच्याही आधीचं.
तेव्हापासून आम्ही कायच म्हणत नाय."

फोटोत माप कळेना.
दिलावर चपला काढून पाटीपलीकडे,
कोऱ्या कातळावर आडवा झाला,
त्याच्याच बाजूला, हात तसेच लांब सोडून.
"काढा लवकर, पाठ भाजतेय."
दगडातला माणूस वीतभर उंच निघाला.
दिलावरला ते फारसं आवडलं नाही.

उठला तेव्हा त्याच्या घामाची पाठ
कातळावर उमटली होती.
आम्ही तिघं बघत उभे राहिलो.
ती आधी गेली.
मग चेहरा नसलेलं डोकं,
हात, मांड्या, शेवटी शेपूट.
घड्याळ लावून अकरा मिनिटं.
लागणारा वेळ: पाणी सुकेपर्यंत.
ऑफिसात हे खोडून
'अर्धा तास' करतील.

नाट्याला पोचलो तेव्हा किल्ल्याच्या चिऱ्यांवर
उन्हं उतरत होती, आणि खाडी
आमच्याकडे तोंड करून वाहत होती.
दिलावरनं जाळं खांद्यावर घेतलं.
"बारावं. नदीचं मुख," मी वाचलं, "इथे संपते."
तो गुडघाभर पाण्यात.
"संपते? भरती बघा.
इथनं तर आत शिरते.
गलबतं काय स्टँडवरनं सुटायची?
तक्ता उलटा लिवलाय तुमचा."

जाळं गोल उघडलं, पडलं.
मी रिक्षाच्या टपावर कागद ठेवला,
बाराच्या जागी एक लिहिला.
अंतर: कुठून, ते विचारायचं आहे.
प्रवेश शुल्क: नाही.
वाहनतळ: ओली वाळू,
चाक रुतलं तर दिलावरला हाक मारावी.