लॉगशीट

दिवसभर मी तापमानच मोजतो.
सोहारच्या रिफायनरीत, पाइपांत खोल बसलेले सेन्सर उपसून
बर्फाच्या पाण्यात धरतो,
शून्य आलं की सही करतो,
हिरवा स्टिकर लावतो: तपासले, सहा महिने चालेल.
एका अंशाच्या दहाव्या भागावरून
मी इंजिनिअरशी भांडलेलो आहे.

आणि काल रात्री पावणेबाराला
फलज अल कबाइलच्या आमच्या दोन खोल्यांत
कृपाच्या काखेतलं काडीएवढं यंत्र
एकोणचाळीस पूर्णांक दोन म्हणालं
तर मला ते खरं वाटेना.

वाटीत बर्फ घेतला, पाणी घातलं, यंत्र बुडवलं.
आकडा नाहीच, नुसतं ‘लो’.
इतक्या थंड माणसासाठी ते बनवलेलंच नव्हतं.
मग पुसून स्वतःच्या काखेत धरलं. छत्तीस पूर्णांक सात.
म्हणजे यंत्र बरोबर.
म्हणजे पोर तापलेली.

दीना नाइटला, मुलांच्याच वॉर्डात.
फोन लागला तेव्हा तिच्या मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं,
माझ्या मागे आमचं.
“वजन किती तिचं?”
मला कृपाच्या बुटाचा नंबर माहीत होता, वजन नाही.
तिला कडेवर घेऊन काट्यावर उभा राहिलो,
मग एकटा उभा राहिलो,
आणि वजाबाकी केली.
साडेअकरा. मानेवर तिचा श्वास
नुकत्या उतरवलेल्या तव्यासारखा.

“औषध वयावर नाही, वजनावर. घरातल्या बाटलीतलं सात मिली.
चमचा नको, पिचकारीने, गालाच्या आत, हळू.
गार पाण्याने पुसू नकोस, कुडकुडेल.
आणि ती गोधडी काढ.”
गोधडी मी घातलीय हे तिला तिथून दिसलं.
ऑगस्ट, रात्रीचे चौतीस,
खिडकीच्या काचेला बाहेरून घाम,
आणि आत मिरजेची जाड गोधडी.

पिचकारी नव्हती. तिला खांद्यावर टाकून जिना उतरलो.
फार्मसीचं शटर अर्ध्यावर आलेलं.
सुदानी हातिमने वाकून बाहेर पाहिलं, पोरीकडे आधी,
मग दोन पिचकाऱ्या दिल्या,
सातच्या रेघेवर पेनने खूण करून.
पैसे उद्या म्हणाला.

पंप तापला की आम्ही दर पंधरा मिनिटांनी नोंद घेतो.
तशीच घेतली. बारा वीस, औषध. एक, अडतीस आठ.
सव्वा, अडतीस सहा.
दोनला ती झोपली, कपाळ ओलं,
मी यंत्र घेऊन वाकलो तोच फोन.
“झोपलीय? श्वास नीट? मग राहू दे.
आकड्यासाठी पोराला उठवायचं नसतं.”

बसून राहिलो.
फ्रॉक पोटावर वर होत होता, खाली होत होता.
तेही मोजलं. कुणाला सांगितलं नाही.

साडेपाचला मिरजेहून अक्का. “किती होता?”
“एकोणचाळीस.”
“म्हणजे काय रे? आपल्यात ताप शंभराच्या वर असतो.”
गुणलं, भागलं, बत्तीस मिळवले. एकशे दोन, वर अर्धा.
“असं सांग ना,” म्हणाली,
आणि तेव्हा कुठे घाबरली.

सातला दीना आली. मी कागद पुढे केला,
अकरा नोंदी, वेळेसकट.
तिने घेतला नाही. हात धुतले,
उलटा तळवा कृपाच्या मानेखाली सरकवला.
“पाणी प्याली? शू किती वेळा?”
हा रकाना मी आखलाच नव्हता.
आठवून आठवून सांगितलं:
डायपर दोनदा जड. पहाटे अर्धी वाटी पेज.
बाहुलीला एकदा मारलं.
“मारलं?” दीना रात्रभरात पहिल्यांदा हसली असावी.
“मग ते लिही की.”

कृपाने उठून माझ्या बॉयलर सूटचा खिसा उपसला,
एक हिरवा स्टिकर सोलला
आणि गुडघ्यावर चिकटवला, तिरका,
तारीख न घातलेला.

दुपारच्या पाळीला सुपरवायझर त्याच्याकडे बघत थांबला.
“हे कधी तपासलं?”
चालू आहे अजून, म्हटलं.