गार असतानाच

डिसेंबर लागला की पहाटे पाचला
फुलेवाडीत माझी गाडी दळण दळते.
खडखड नव्हे, किरकिर नव्हे,
ओल्या जोंधळ्यावर जातं फिरावं तसं काहीतरी,
न्यूट्रलमध्ये, उभ्या उभ्या.

रंकाळ्याचं वळण येईतो निम्मं होतं
आणि उद्यमनगरात, दस्तगीर शिकलगारांच्या दारात
गाडी अशी गप्प
जशी तपासणीच्या दिवशी चौथीची पोरं.

तीनदा गेले. तीनदा बॉनेट उघडून मिटलं.
"आवाज कुठाय ताई?"
मी तोंडानं काढून दाखवला.
लेथवरचा पोऱ्या हसला.
मग क्लच दाबल्यावरचा काढून दाखवला,
म्हणजे नुसतीच गप्प उभी राहिले.

शिकलगार हसले नाहीत.
"दाबला की बंद हुतो?"
"होय."
"सोडला की परत?"
"होय."
"मग ठिवा गाडी. रातभर उघड्यावर.
उद्या फाटंचं या.
तवर चावीला हात लावायचा न्हाई कुणी."

रिक्षात बसल्यावर मला माझीच लाज वाटली.
अकरा वर्षं मी दूध संघाच्या लॅबला आहे.
गावोगावचे ड्रायव्हर बाटली पुढं करतात,
मी आधी तिला हात लावून बघते
आणि कोमट लागली तर परत करते:
नमुना गारच पाहिजे, दादा,
वाटेत तापलेला काही सांगत नाही.

पहाटे उद्यमनगर कुलपात.
फौंड्र्यांच्या पत्र्यांवरून दव टपकतंय,
उसाची एक ट्रॉली धुक्यातून निघून धुक्यात गेली.
माझ्या गाडीखाली कुत्रं,
काल इंजिन गरम होतं म्हणून आलेलं,
गार झालं तरी उठलं नव्हतं.
त्याला उठवलं.

शिकलगार मफलर सोडून आले.
डावा कान ग्राइंडरनं नेलेला, उजवा निम्मा.
हातभर लांब स्क्रूड्रायव्हर,
त्याचं टोक गिअरबॉक्सच्या पाठीवर टेकवलं
आणि मूठ दातात धरली.
डोळे मिटले.

मी चावी फिरवली.
जातं सुरू.
त्यांनी हातानंच खूण केली: दाबा.
थांबलं.
सोडा.
सुरू.
दाबा.
त्यांच्या गालाचं हाड हलताना दिसत होतं,
आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा,
डावा पाय इतक्या जपून उचलत होते.

मूठ तोंडातून काढून, पुसून, म्हणाले,
"रिलीज बेरिंग असतं तर दाबल्यावर कण्हलं असतं.
ह्ये मोकळं सोडल्यावर कण्हतंय.
इनपुट शाफ्टचं बेरिंग.
गारठ्यात तेल मधागत, गोळ्यांपतूर जाईना.
रंकाळ्यापाशी पातळ हुतंय, मग ही शाणी."

खालचा नट सोडला.
काळं तेल थाळ्यात आळसावत उतरलं.
नटाच्या चुंबकावर राखाडी लेप,
तो त्यांनी दोन बोटांत चोळला,
उजेडाकडं धरला, पुन्हा चोळला,
माझ्याही बोटावर लावला.
"पीठ हाय. अजून खडा न्हाई.
खडा लागंल त्या दिवशी खोलू."

नवं तेल. नवं वायसर.
बिल त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं:
गिअर तेल दोन लिटर,
वायसर एक,
आवाज ऐकणे – पन्नास.

मी पन्नासची नोट वेगळी काढून दिली.

अजून पाचला दळण असतंच, बारीक,
रव्याइतकं.
मी दर रविवारी बोटांत नसलेलं पीठ चोळून बघते.

आणि एक स्क्रूड्रायव्हर घेतलाय, हातभर लांब.
घरात कुणी नसलं की मूठ दातात धरून
टाकीच्या पंपाला लावते, मिक्सरला लावते.
पंप ठणठणीत आहे.
फ्रिज काल काहीतरी म्हणाला.
नाव अजून कळलेलं नाही.