दोनशे चौदा

वूच शहराच्या नावाचा अर्थ होडी,
पण इथली नदी केव्हाच पाइपांत घालून पुरली.
तिच्यावरच, वुल्चान्स्का रस्त्यावर,
आमचं औषधांचं दुकान.

मार्चमध्ये ल्युत्सिनाबाई आल्या,
लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.
काउंटरवर एक लिफाफा ठेवला.
आत केस.
"दोनशे चौदा. कालच्या एका दिवसाचे."
बत्तीस वर्षं सूतगिरणीत होत्या त्या,
चालत्या चातीवर तुटलेला धागा
दोन बोटांत जोडायच्या.
त्यांची मोजणी चुकणं शक्य नव्हतं.

घरचं सगळं करून झालं होतं:
काळा मुळा किसून त्याचा रस,
अंड्याच्या बलकात एरंडेल,
वर प्लास्टिकची पिशवी, तासभर.
शेजारच्या रेनाताबाई म्हणत होत्या, रॉकेल चोळ,
आमच्या आईच्या वेळी सगळ्या चोळायच्या.
"रॉकेल नको," मी म्हटलं,
"निदान शेगडीजवळ तरी नको."

मग मी फळीवरून खोकी उतरवली.
घोड्याच्या शेपटीसारखं दिसणारं ते बांधावरचं गवत,
वाळवून, दाबून, गोळी केलेलं.
हात लावताच आग करणाऱ्या खाजऱ्या पानांचा चहा.
जस्त.
बायोटिन पाच हजारांचं की दहा?
"दहा. गिरणीत आम्ही कमी वेगावर काही चालवलं नाही."

शिकलेली आहे मी.
ज्याला कमतरता नाही, त्याच्या अंगातून
हे सगळं वाहून जातं
खाली, पुरलेल्या नदीच्या दिशेनं.
तोंड उघडलंही होतं मी,
पण पावती छापून झाली होती.
केसानं गळा कापणं म्हणतात
ते इतकं हळू असतं.

एप्रिलच्या शेवटी त्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या.
"गळ्यातली ग्रंथी जास्त वेगानं धावतेय म्हणे."
हसल्या. कागद थरथरत होता.
मी आकडे वाचले, मग त्यांच्याकडे पाहिलं.
"शेवटची गोळी कधी घेतली?"
"आज सकाळी. तुम्हीच तर म्हणालात, नेमानं."

हो. मीच.
गोळी थांबवा, डॉक्टरांना तिचं नाव सांगा,
थोड्या दिवसांनी पुन्हा रक्त द्या.
दुसऱ्या रिपोर्टात ग्रंथी शांत होती,
पहिल्यापासूनच असावी.
बायोटिननं फक्त तपासणीच्या यंत्राला चकवलं होतं.

"मग केस का गेले?"

जे मार्चमध्येच विचारायला हवं होतं
ते तेव्हा विचारलं:
डिसेंबरमध्ये काय झालं होतं?

त्या वजनकाट्याकडे बघत राहिल्या.
"डिसेंबरमध्ये? काही नाही.
नाताळसाठी कार्प आणला होता, जिवंत,
बाथटबमध्ये सोडला होता.
त्याच दिवशी वितोल्द गेला, जिन्यात.
मासा दोन दिवस गोल गोल फिरत राहिला.
मला अंघोळच करता आली नाही."
"रडलात?"
"पाहुणे होते घरात."

मी सांगितलं, जे पुस्तकात आहे तेच.
मोठा धक्का बसला की पुष्कळ केस एकदम वाढणं थांबवतात
आणि गळतात दोन-तीन महिन्यांनी.
पुस्तकात नाही ते सांगितलं नाही:
केसांना बातमी उशिरा कळते,
आणि कळली की ते सगळं सोडून देतात.

ऑगस्टमध्ये टोपी नव्हती.
कपाळाच्या कडेला आखूड, उभे, हट्टी केस,
नुकत्याच भिजलेल्या मांजरीच्या पिल्लासारखे.
खाजऱ्या पानांचा चहा अजून नेतात.
"केसांसाठी नाही," म्हणतात, "चव वाईट आहे.
वाईट चवीला सोबत असते."
माशाचं काय झालं, मी विचारलं नाही.

लिफाफा माझ्या खणातच राहिला आहे,
खोकल्याच्या गोळ्यांमागे.
परवा दुपारी दुकानात कोणी नव्हतं.
पांढऱ्या कागदावर मी ते केस
एकेक करून मोजले.
दोनशे तेरा.
पुन्हा मोजले.

चूक माझीच असणार.